बनी इस्राईल आणि वचनाची भूमी

पॅलेस्टाईनचा प्रश्न निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले असे की, ती भूमी खुद्द ईश्वरानेच यहुद्यांना दिलेली आहे, तेव्हा वाद कसला? दुसरे वाक्य आपल्या मोहल्ल्यातले आहे. ते असे की, हे वचनबिचन यहुद्यांनी मागाहून रचले, आपल्या किताबात त्याचा पत्ताच नाही. पहिले वाक्य बोलणारा तौरात उघडून पाहत नाही आणि दुसरे बोलणारा कुरआन शरीफ. आवाज मात्र दोघांचाही मोठा असतो. अलीकडे सूरह माइदामधली एकच आयत पुढची-मागची सोडून मोबाईलवर फिरवली जाते. मग वर्गातली नववी-दहावीची मुले विचारतात की, ती जमीन त्यांची आहे असे कुरआनातच लिहिले आहे म्हणतात, हे खरे का? या मुलांना गप्प बसवणे सोपे आहे. पण गप्प बसवलेले मूल तोच प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी विचारते, आणि तो दुसरा काय उत्तर देईल ते आपल्या हातात नसते.

आम्ही शाळेत इतिहास शिकवतो. जुना कागद समोर आला तर चार गोष्टी आधी विचारा, असे आम्ही मुलांना सांगतो. देणारा कोण? घेणारा कोण? दिले काय? आणि कोणत्या अटीवर? याच चार प्रश्नांनी या वचनाकडे पाहावे, असा आमचा प्रयत्न आहे. श्रद्धा बाजूला ठेवा असे आम्ही म्हणत नाही. कराराला करार म्हणून वाचा, एवढेच म्हणतो.

तौरात काय सांगते?

तौरातच्या ज्या भागाला मराठी बायबलात 'उत्पत्ती' म्हणतात, त्याच्या बाराव्या अध्यायात हजरत इब्राहिम (अ.) यांना हारान सोडून निघण्याची आज्ञा होते. ते कनानात, शखेमपर्यंत येतात आणि तेथे त्यांना सांगितले जाते की, ही भूमी तुझ्या संततीला देईन. त्याच ओळीशेजारी हेही नोंदलेले आहे की, त्या वेळी कनानी लोक त्या मुलखात राहत होते. म्हणजे भूमी रिकामी होती असा दावा तौरात करीत नाही.

पंधराव्या अध्यायात प्रत्यक्ष करार होतो. जनावरे कापून त्यांचे अर्धे-अर्धे भाग समोरासमोर मांडायचे आणि करार करणाराने मधून चालत जायचे, अशी त्या काळी रीत होती. येथे हजरत इब्राहिम (अ.) चालत जात नाहीत. धूर आणि ज्वाळेच्या रूपात केवळ ईश्वरी खूण त्या तुकड्यांमधून जाते. म्हणून यहुदी आणि ख्रिस्ती भाष्यकार याला ईश्वराने स्वतःवर घेतलेले वचन मानतात. सीमा सांगितली आहे ती मिसरच्या नदीपासून फुरात नदीपर्यंत, आणि तेथे राहणाऱ्या दहा जमातींची नावेही दिली आहेत.

पण त्याच ठिकाणी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे फार कोणाचे लक्ष जात नाही. हजरत इब्राहिम (अ.) यांना कळवले जाते की, ताबा तुला मिळणार नाही, तुझी संतती चारशे वर्षे परक्या देशात गुलामीत राहील आणि मगच परत येईल. कारण काय? तर अमोरी लोकांच्या पापाचे माप अजून भरलेले नाही. म्हणजे वचन मिळालेल्यांसाठीसुद्धा, तेथे राहणाऱ्यांना अपराधाशिवाय उठवायचे नाही, असा हा हिशेब आहे.

सतराव्या अध्यायात खतना ही कराराची खूण ठरते. त्या वेळी हजरत इब्राहिम (अ.) ९९ वर्षांचे आणि हजरत इस्माईल (अ.) १३ वर्षांचे होते, असे तौरात सांगते. खतना दोघांचीही एकाच दिवशी झाली. कनानची भूमी कायमचे वतन म्हणून देण्याचे शब्द याच अध्यायात आहेत. हजरत इस्माईल (अ.) यांनाही बरकतीची, बारा सरदारांची आणि मोठ्या राष्ट्राची ग्वाही मिळते, पण भूमीचा करार हजरत इस्हाक (अ.) यांच्याकडून पुढे जाईल असे स्पष्ट म्हटले आहे. तौरातमध्ये हे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. 'कायमचे' हा शब्दही तेथे आहे. पुढे त्याला अटी कशा लागतात, तेच पाहायचे आहे.

सीमेबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'गणना' या भागाच्या चौतिसाव्या अध्यायात सीमा पुन्हा दिली आहे, आणि ती पहिलीपेक्षा बरीच लहान आहे. पूर्वेला ती यार्देन नदीवरच थांबते. तेव्हा तौरातच्या आधारे नकाशा काढणाराने कोणत्या अध्यायाचा नकाशा काढला, हे आधी सांगितले पाहिजे.

कबरीसाठी मोजलेली चांदी

या साऱ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो तेविसावा अध्याय. बीबी सारा यांचे हेब्रोन येथे निधन झाले. ज्यांना सबंध भूमीचे वचन मिळाले होते, त्या हजरत इब्राहिम (अ.) यांच्याजवळ पत्नीला दफन करायला वीतभर जागा नव्हती. ते गावकऱ्यांपुढे उभे राहिले आणि म्हणाले की, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला कबरीसाठी जागा विकत द्या. एफ्रोन नावाच्या हित्ती मालकाने जागा फुकट देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. गावाच्या वेशीत, सर्वांसमोर, ४०० शेकेल चांदी तोलून दिली आणि मकपेलाची गुहा व भोवतीचे शेत खरेदी केले.

आमच्याकडे ईश्वराचे वचन आहे, तेव्हा जागा खाली करा, असे ते म्हणू शकत होते. ते म्हणाले नाहीत. वचन त्यांनी मनात ठेवले आणि व्यवहार माणसांच्या कायद्याने केला. वचनावर त्यांच्याइतका विश्वास दुसऱ्या कोणाचा असणार? तरीही त्या विश्वासाने त्यांना दुसऱ्याची जमीन फुकट घ्यायला शिकवले नाही. पुढे त्यांचे निधन झाले तेव्हा इस्हाक (अ.) आणि इस्माईल (अ.) या दोघांनी मिळून त्यांना त्याच गुहेत दफन केले, अशी तौरातची नोंद आहे.

मालक आणि कूळ

हजरत मूसा (अ.) यांच्या काळात वचनाला कायद्याचे रूप येते, आणि येथेच अटी दिसू लागतात. 'लेवीय' या भागाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षीच्या योबेलचा नियम आहे. जमीन कायमची विकायची नाही, पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जाईल. कारण दिले आहे ते असे की, जमीन ईश्वराची आहे आणि बनी इस्राईल तिच्यावर उपरे म्हणून राहत आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर मालक अल्लाह आणि बनी इस्राईल त्याचे कूळ. आपल्याकडे कुळकायद्याने कसणारे कूळ पुढे मालक झाले. तौरातच्या कायद्यात कूळ कधीच मालक होत नाही. आपल्यातल्या ज्यांना वक्फची कल्पना ठाऊक आहे, त्यांना हे समजायला जड जाणार नाही. वक्फची मिळकत अल्लाहची, मुतवल्लीकडे केवळ देखभाल.

कूळ म्हटले की बेदखलीही आली. लेवीय अठरामध्ये बजावले आहे की, आधीच्या लोकांनी दुष्कर्मे केली म्हणून भूमीने त्यांना ओकून टाकले, आणि तुम्ही तेच केले तर तुम्हालाही ओकून टाकील. 'अनुवाद' या भागाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञाभंगाची शिक्षा म्हणून परागंदा होण्याचे सविस्तर वर्णन आहे. तिसाव्या अध्यायात परत आणण्याचेही आश्वासन आहे, पण ते तौबा केल्यानंतर. नवव्या अध्यायात तर असे सांगितले आहे की, तुम्ही सद्गुणी आहात म्हणून ही भूमी मिळत नाही, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. दुसऱ्या अध्यायात एदोम, मवाब आणि अम्मोन यांच्या जमिनींना हात लावू नका असे बजावले आहे, कारण त्या जमिनी ईश्वराने एसावच्या आणि हजरत लूत (अ.) यांच्या संततीला दिल्या आहेत. म्हणजे वतन एकट्या बनी इस्राईलला नव्हते. आमोस नबींच्या किताबात हेच पुढे नेलेले आहे. मिसरमधून बनी इस्राईलला आणणाऱ्यानेच पलिष्टी लोकांना कफतोरहून आणि अरामी लोकांना कीरहून आणले, असे तेथे म्हटले आहे.

याच तौरातमध्ये कनानच्या लोकांचा समूळ नाश करण्याच्याही आज्ञा आहेत आणि यहोशवाच्या किताबात तशा कत्तलींची वर्णने आहेत. हे वाचताना मन कचरते आणि कचरलेच पाहिजे. यहुदी विद्वानही शतकानुशतके या ठिकाणी अडखळले आहेत. त्यांच्या परंपरेतले मोठे मत असे की, त्या आज्ञा ठराविक जमातींपुरत्या होत्या, त्या जमाती आता ओळखू येत नाहीत, तेव्हा आज्ञाही लागू नाही. इतिहासाचा पुरावाही गुंतागुंतीचा आहे. इस्राईल हे नाव प्रथम सापडते ते मिसरचा फिरौन मर्नेप्ता याच्या, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात. १९५० च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी यरीहो येथे उत्खनन केले, तेव्हा यहोशवाच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या काळात तेथे तटबंदीचे मोठे शहर असल्याचा पुरावा मिळाला नाही. खुद्द 'शास्ते' या किताबाच्या पहिल्याच अध्यायात, कोणकोणत्या गावातून कनानी लोक हटले नाहीत आणि शेजारीच राहिले, याची यादी आहे.

हजरत मूसा (अ.) स्वतः त्या भूमीत गेले नाहीत. नबो पर्वतावरून त्यांनी ती पाहिली आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

बेदखली

पुढचा इतिहास साल-सनावळीचा आहे. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचे राज्य संपवले. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलच्या नबुखद्नेस्सरने जेरुसलेम आणि तेथील इबादतगाह उद्ध्वस्त केली. लोक कैद करून नेले. आमच्या मते या वचनाचा खरा अर्थ उलगडला तो या संकटात.

यर्मया नबींनी बाबिलच्या कैद्यांना पत्र लिहिले, ते त्यांच्या किताबाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात राहता त्याचे भले चिंता, असा त्याचा आशय आहे. त्याच यर्मयांनी जेरुसलेमला वेढा पडलेला असताना अनाथोथचे शेत १७ शेकेल चांदीला विकत घेतले आणि खरेदीखत मडक्यात जपून ठेवायला सांगितले. परतीची आशा होती, पण ती दाखवली तीही दाम मोजून.

यहेज्केल नबींच्या काळी उद्ध्वस्त मुलखात मागे राहिलेले काही लोक म्हणू लागले की, इब्राहिम एकटे असून त्यांना भूमी मिळाली, आम्ही तर पुष्कळ आहोत. तेहतिसाव्या अध्यायात त्यांना उत्तर मिळते ते असे की, तुम्ही रक्त सांडता, तलवारीच्या बळावर जगता आणि भूमीचे वारस म्हणवता? आणि सत्तेचाळिसाव्या अध्यायात, परत आल्यावर जमीन वाटायची कशी हे सांगताना, तुमच्यात राहून ज्या परक्यांना मुले झाली त्यांनाही तुमच्याबरोबर वारसाहक्काचा वाटा द्या, असा हुकूम आहे. भूमीचे वचन सांगणाऱ्या किताबांतच हा हुकूम आहे, हे विसरता कामा नये.

इ.स.पू. ५३८ च्या सुमारास इराणचा बादशहा कुरूश याच्या परवानगीने काही लोक परतले. इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरी इबादतगाह पाडली, आणि १३५ चे बंड मोडल्यावर यहुद्यांना जेरुसलेममध्ये राहण्यास बंदी झाली. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, इ.स. ६३८ च्या सुमारास शहर मुस्लिमांच्या हाती आले, आणि त्यानंतरच्या काळात यहुदी कुटुंबे तेथे पुन्हा राहू लागली.

कुरआन शरीफ काय सांगते?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. होय, सूरह माइदाच्या २१ व्या आयतीत हजरत मूसा (अ.) आपल्या कौमला सांगतात की, अल्लाहने तुमच्यासाठी लिहिलेल्या पवित्र भूमीत प्रवेश करा. हे नाकारण्याची गरज नाही आणि त्यात घाबरण्यासारखेही काही नाही. पण वाचणाराने २१ वर थांबू नये. पुढे कौम घाबरते, तेथे बलाढ्य लोक आहेत म्हणते, दोन नेक माणसे धीर देतात तरी ऐकत नाही. मग २६ व्या आयतीत तीच भूमी त्यांच्यावर ४० वर्षे हराम केली जाते. सहा आयतींच्या आत लिहिलेले मिळते आणि रोखलेही जाते. हाच प्रसंग तौरातमध्ये 'गणना' तेरा-चौदामध्ये बारा हेरांच्या कथेत आहे.

ही पवित्र भूमी नेमकी कोणती, यावर आपल्या मुफस्सिरांत मतभेद आहेत. इमाम तबरी (निधन इ.स. ९२३) यांनी तूर आणि त्याचा परिसर, शाम, अरीहा म्हणजे यरीहो, अशी निरनिराळी मते नोंदवली आणि फुरात ते मिसरचे अरीश या टापूबाहेर ती नाही एवढेच ठरवले. इब्ने कसीर (निधन इ.स. १३७३) यांनी हे वचन त्यांच्यातील ईमानवाल्यांच्या वारशाचे आहे असा खुलासा केला. म्हणजे आपल्या जुन्या आलिमांनी वचन नाकारले नाही. त्यांनी त्याची अट सांगितली.

ही अट कुरआनात अन्यत्र अधिक स्वच्छ दिसते. सूरह बकराच्या १२४ व्या आयतीत हजरत इब्राहिम (अ.) यांना लोकांचे इमाम केले जाते. ते आपल्या संततीबद्दल विचारतात, तेव्हा उत्तर येते की, अल्लाहचा करार जालिमांपर्यंत पोहोचत नाही. संततीचा दाखला पुरेसा नाही. सूरह आराफच्या १२८ व्या आयतीत मूसा (अ.) फिरौनने छळलेल्या आपल्या कौमला सांगतात की, जमीन अल्लाहची आहे आणि तो आपल्या बंद्यांपैकी हवे त्याला तिचा वारस करतो. १३७ व्या आयतीत त्या दुबळ्या केल्या गेलेल्या लोकांना बरकतीच्या भूमीचा वारसा मिळतो. मिळतो तो का? त्यांनी सब्र केला म्हणून. सूरह अंबियाच्या १०५ व्या आयतीत जबूरचा हवाला देऊन भूमीचे वारस नेक बंदे होतील असे म्हटले आहे, आणि जबूरच्या सदतिसाव्या गीतात आजही तोच आशय सापडतो. सूरह बनी इस्राईलच्या सुरुवातीला दोन वेळच्या फसादाची आणि दोन वेळच्या शिक्षेची हकीकत आहे, आणि तुम्ही पुन्हा तसे वागलात तर आम्हीही पुन्हा तसेच करू, असा इशारा आहे.

हा इशारा केवळ त्यांना आहे असे समजून आपण पान उलटतो, तेथे आपले चुकते. जो नियम बनी इस्राईलला, तोच उम्मते मुहम्मदीला. स्पेनमध्ये आपली सत्ता सातशेहून अधिक वर्षे होती आणि १४९२ मध्ये ग्रनाडा गेले. जमीन नावावर कायम करून मिळते असे कुरआन कोणालाही सांगत नाही.

वाट पाहणारे आणि आपले शेजारी

हद्दपारीच्या दीर्घ काळात यहुदी समाजाने हे वचन दुआच्या रूपात जपले. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी तौरातच्या पहिल्याच ओळीवर लिहिले की, ही जमीन तुम्ही लुटली असे कोणी म्हटले तर उत्तर द्यावे, सारी पृथ्वी ईश्वराची आहे, त्याने हवे त्याला दिली. तेराव्या शतकातील रामबान यांनी तेथे जाऊन राहणे हे धर्मकर्तव्य मानले आणि स्वतः १२६७ मध्ये जेरुसलेमला गेले. दुसरीकडे तल्मूदच्या 'केतुबोत' या भागात तीन शपथांची परंपरा आहे. बनी इस्राईलने बळाने एकजुटीने चढून जाऊ नये, इतर राष्ट्रांविरुद्ध बंड करू नये, आणि राष्ट्रांनी त्यांचा अतोनात छळ करू नये. याच आधारावर सतमार पंथाचे रब्बी योएल टाइटलबाउम यांनी विसाव्या शतकात इस्राईल राज्याला धार्मिक विरोध केला. सारे यहुदी एका मताचे आहेत हा आपला समज किती उथळ आहे, ते यावरून कळावे.

यासाठी फार लांब जायलाही नको. आपल्या कोकणातले बेने इस्राईल आठवा. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून ते शनिवार तेली. नावे दिवेकर, रोहेकर, नवगावकर. घरात मराठी, इबादतीत इब्रानी. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, त्याला आसपासचे लोक मशीदच म्हणत. हजरत इलियास (अ.) यांच्या नावाने ते मलिदा करतात, तो शब्दही आपल्या घरांतलाच. बनी इस्राईलच्या कथा त्यांनी मराठी कीर्तनांत गायिल्या आणि मिसरमधून सुटकेच्या सणाचे पुस्तक १८७४ मध्ये पुण्यात मराठी अनुवादासह छापले.

१८९७ मध्ये बासल येथे पहिली झायनवादी परिषद भरली, तेव्हा या समाजालाही बोलावणे होते. ते गेले नाहीत. परत नेणारा हात ईश्वराचा असेल आणि आम्ही त्याची वाट पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९४८ नंतर मात्र त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे इस्राईलला गेली. तेथे काय झाले? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील प्रमुख रब्बींनी त्यांच्या वंशाबद्दल शंका काढली आणि लग्नाआधी पूर्वजांची चौकशी लावली. कोकणात शेकडो वर्षे शनिवार पाळलेल्या माणसांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करावे लागले. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतीत यहुदी असल्याचे जाहीर केले. वचन रक्तावर मोजायला लागले की, मोजपट्टी घरच्या माणसांवरही फिरते. त्या लोकांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी.

वचनाचे राजकारण

झायनवादी चळवळीचे पुढारी बहुतांशी धार्मिक नव्हते. युरोपातील छळातून आपल्या लोकांना वाचवणे ही त्यांची तळमळ होती आणि तो छळ खराच होता. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेतील जमीन देऊ केली तेव्हा हर्झल यांनी तिचाही विचार केला. परिषदेने ती १९०५ मध्ये नाकारली. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात कोणत्याही ईश्वरी वचनाचा उल्लेख नाही. तरी १९३७ मध्ये पील आयोगापुढे बेन-गुरियन यांनी सांगितले की, आमची खरी सनद बायबल आहे. ईश्वर मानण्याबाबत जे साशंक होते, त्यांनीही त्याच्या सहीचा कागद पुढे केला. १९४८ मध्ये राज्य स्थापन झाले, आणि सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या. १९६७ च्या युद्धात पश्चिम किनारा ताब्यात आल्यावर वचनाची भाषा अधिक धारदार झाली. १९७४ मध्ये गुश एमुनीम ही संघटना निघाली, आणि तेथे वसाहती करणे हेच धर्मकार्य मानले गेले.

या साऱ्याचा ताळेबंद हेब्रोनमध्ये, म्हणजे अल-खलील शहरात, त्याच चांदी मोजून घेतलेल्या गुहेवर पाहायला मिळतो. तेथील इबादतगाह तेराव्या शतकात सुलतान बैबर्सने यहुद्यांना बंद केली, आणि पुढे १९६७ पर्यंत त्यांना बाहेरच्या सातव्या पायरीपर्यंतच जाता येई. आपल्या राज्यकर्त्यांनी केलेली ही गोष्ट आहे आणि ती सांगितली पाहिजे. १९२९ मध्ये त्या शहरात ६७ यहुदी मारले गेले. कित्येक अरब शेजाऱ्यांनी यहुद्यांना घरात लपवून वाचवले, हेही तितकेच खरे. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजान महिन्यात, बारूख गोल्डस्टाइन याने तेथे नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर इमारत दोन भागांत वाटली गेली. ज्या पित्याला दोन मुलांनी मिळून दफन केले, त्याच्या कबरीपाशी जायला आता दोन दरवाजे आणि पहारे आहेत.

आणि ७ ऑक्टोबर २०२३ नंतर जे घडले ते सर्वांसमोर आहे. त्या दिवशीच्या हल्ल्यात इस्राईलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये ठार झालेल्यांची संख्या तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे २०२५ च्या मध्यापर्यंत ६०,००० च्या वर गेली, आणि त्यात मुले फार मोठ्या संख्येने आहेत. या काळातही जुन्या किताबातील शत्रूंची नावे भाषणांतून घेतली गेली. यहेज्केल नबींचे सत्तेचाळिसावे प्रकरण मात्र कोणी वाचून दाखवल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा मुलांना काय सांगायचे? आम्हाला वाटते ते असे. वचन होते, ते तौरातमध्ये आहे आणि कुरआनातही त्याची साक्ष आहे. ते नाकारून पॅलेस्टिनी माणसाचा हक्क वाढत नाही आणि मान्य केल्याने कमीही होत नाही. पॅलेस्टिनी माणसाचा हक्क त्याच्या घरावर, शेतावर, जैतूनच्या झाडावर आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीवर उभा आहे. ज्या करारात मालकी अल्लाहची, अट न्यायाची आणि परक्यालाही वाटा आहे, तो करार कोणाला घराबाहेर काढण्याचा परवाना होऊ शकत नाही. हे आम्ही तौरातवरूनच म्हणतो. त्याचबरोबर, इस्राईल सरकारच्या कृत्यांचा राग अलिबागच्या किंवा जगातल्या कुठल्याही यहुदी माणसावर काढणे हा जुलूम आहे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. सगळे किताबवाले सारखे नाहीत, असे सूरह आले इम्रानमध्ये आपल्यालाच सांगितले आहे.

आमच्या वर्गात पुढच्या वेळी हा प्रश्न निघेल तेव्हा आम्ही फळ्यावर तेच चार प्रश्न लिहिणार आहोत. देणारा कोण, घेणारा कोण, दिले काय आणि कोणत्या अटीवर. उत्तरे मुलांनी शोधावीत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना नीट सापडले तर हाती आलेल्या प्रत्येक गोष्टीकडे, मग ती गावातली वक्फची जमीन असो की घरातला बहिणीचा वाटा, ती मुले जबाबदारीने पाहतील, अशी आम्हाला उमेद आहे. वल्लाहु आलम.